मुक्या अक्षराचा कुकारा

माडवेळच्या खाडीला दोन काठ, आणि दोन काठांना दोन बहिणी. अलीकडच्या काठावर धाकटी, मिथिला कुबल. मच्छीमार सोसायटीच्या माडीवर बसून समुद्र काय बोलतो ते उतरवून घेणारी. पलीकडच्या काठावर थोरली, शेवंती. लग्न होऊन खाडी ओलांडून गेली आणि तिथे ‘मायराणी’ नावेची तांडेल झाली. तांडेल म्हणजे नावेवर जिचा शब्द शेवटचा. पणजोबांच्या काळी बाई नावेवर चढली तर नाव धुवून नारळ फोडत. आता किनाऱ्यावर बायका तांडेल इतक्या झाल्या होत्या की तेवढे नारळ पुरले नसते.

दोघींची आई लवकर गेली. धाकटीच्या वेण्या घालणारी, तिला पोहायला खाडीत ढकलणारी आणि बुडायला लागली की त्याच वेण्या धरून बाहेर ओढणारी शेवंतीच.

माडवेळात हाक मारायची रीत निराळी. फोन घरोघरी नव्हे, मनगटोमनगटी आहेत. पण खाडीपलीकडच्या आपल्या माणसाला कोणी फोन करत नाही. दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडापुढे धरायची आणि कुकारा घालायचा. ज्याचा त्याचा कुकारा वेगळा. शेवंतीचा अगदी खालून निघायचा, चढत चढत माडाच्या शेंड्याला जायचा, तिथे घारीसारखा क्षणभर तरंगायचा आणि मग वल्हं पाण्यात पडावं तसा एकदम खाली यायचा. कुकाऱ्याचा कायदा एकच: ऐकणाऱ्याने तो फिरवून घालायचा. भांडण असो, तोंडात घास असो, उत्तर द्यायचंच. उत्तर न मिळालेला कुकारा खाडीवर घर शोधत फिरतो, म्हणतात.

रोज तिन्हीसांजेला थोरली कुकारा घाली. त्याचा अर्थ, जेवलंस काय? धाकटी फिरवून घाली. त्याचा अर्थ, जेवतंय. आई जात्यावर म्हणायची त्या चालीत मिथिलाने त्यावर ओवीही बांधली होती:

*खाडीच्या पल्याड, दिवा लावी माझी बाय*
*वाऱ्यासंगं विचारते, धाकटी जेवली काय*

या पावसाळ्यात मात्र तिन्हीसांजा मुक्या गेल्या. ज्येष्ठ सरला, आषाढ सरला, श्रावणाचं ऊन पागोळ्यांवर चमकायला लागलं, तरी पलीकडून कुकारा नाही. आणि मिथिलाची घालायची छाती होत नव्हती. घातला आणि उत्तर आलंच नाही, तर?

---

भांडणाचं मूळ एका अक्षरात होतं. तेही दिसत नसलेल्या.

पाण्याखाली रेडिओची लहर चार पावलं जाऊन मरते. आवाज मात्र पाण्यात हवेच्या चौपट वेगाने धावतो आणि दमत नाही. म्हणून माडवेळच्या समुद्रात तळाशी नांगरून ठेवलेले बोये, म्हणजे पाण्यातली यंत्रं, एकमेकांशी आवाजात बोलत. हा त्याला सांगे, तो पुढच्याला, पुढचा खाडीच्या मुखाशी असलेल्या शेवटच्याला. त्याच्या डोक्यावर अँटेना. तिथून ओळ मिथिलाच्या पडद्यावर; नावांवरची यंत्रं मात्र पाण्यातूनच ऐकत आणि बोलत. एका ओळीत पाच घरं: जागेचं नाव, पाण्याचं तापमान, खोली, प्राणवायू आणि शेरा. शेरा तांडेलांनी भरायचा. खोल पाण्यात, जिथे फोनची रेंज पोहोचत नाही, तिथून घरी निरोप धाडायचा आणि घरचा निरोप घ्यायचा तेवढाच एक रस्ता.

सगळं साध्या मजकुरात. चित्र नाही, रंग नाही, नखरा नाही. यंत्रं बदलतात, कंपन्या मिटतात, पण साधा मजकूर नातवंडांच्या हातातल्या यंत्रावरही उघडेल, हा मिथिलाचा हट्ट. फक्त साध्या मजकुरात एक अडचण असते. एक घर संपलं आणि दुसरं सुरू झालं हे वाचणाऱ्याला कळायला मधे काहीतरी खूण लागते. आणि ती खूण अशी हवी, जी घरातल्या माणसांच्या तोंडी कधीच येणार नाही. नाहीतर यंत्र म्हणतं, आली भिंत, आणि एका घराची दोन करतं. मग मागची सगळी घरं एकेक पाऊल पुढे सरकतात. तापमान खोलीच्या घरात जाऊन बसतं, खोली प्राणवायूच्या.

मिथिलाने आधी जगरहाटीप्रमाणे स्वल्पविराम लावला. तो पहिल्याच दिवशी बुडाला. कारण माडवेळच्या लोकांच्या समुद्रातल्या जागा एका नावाच्या नसतातच. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून ते जागा सांगतात: ‘कळस माडावर, दीपगृह कड्यावर’, म्हणजे जिथून देवळाचा कळस माडाच्या रेषेत दिसतो आणि दीपगृह कड्याच्या. नावातच स्वल्पविराम. सोसायटीचे चेअरमन बाबल सारंग यांना तिने विचारलं, “बाबलकाका, एकच खूण लिवली तर नाय चालणा?”

“एका खुणेन दर्यात जागा गावता काय गो?” बाबलकाका हसले. “एक खूण म्हणजे नुसती दिशा. दुसरी तिका छेद देता, तेवा जागा. एका खुणेर नाव हाकणारो थेट आफ्रिकेक जातलो.”

मग तिने अर्धविराम लावला. तो शेवंतीने बुडवला. शेवंतीचा शेरा म्हणजे शेरा नव्हे, भलं मोठं कीर्तन. ‘मासळी कमी; पाणी गढूळ; वारो दक्षिणेचो, बाबल्याक सांग बर्फ जास्ती ठेव, काल्ची आमटी नासली.’

“अक्के, नुसतां ‘मासळी कमी’ लिव,” मिथिला कुकाऱ्याने नाही, प्रत्यक्ष होडीने जाऊन सांगून आली. “स्वल्पविराम, अर्धविराम नको गो.”

“मगे दम खंय घेवचो? बोलताना माणूस थांबता, तां लिवताना थांबूचा नाय?”

मिथिलाने उभी रेघ लावली. चार दिवसांत शेवंतीला कीबोर्डवर तीही सापडली. “ही काठी बरी दिसता गो,” ती म्हणाली आणि दर वाक्यापुढे एकेक काठी ठोकायला लागली. टॅब लावला तर जुन्या नावांवरची यंत्रं त्याच्या मोकळ्या जागा करून टाकत.

शेवटी मिथिलाला मुकी अक्षरं सापडली. संगणकाच्या जुन्या मुळाक्षरांत, टेलिप्रिंटरच्या काळापासून, चार अक्षरं अशी आहेत की ती दिसत नाहीत, छापली जात नाहीत, कुठल्याही कीबोर्डवर त्यांचं बटण नाही. त्यांचं जन्माचं काम एवढंच, मधे उभं राहायचं. त्यातलं धाकटं अक्षर दोन घरांच्या मधे उभं राहतं. सगळं जग त्यांना विसरून स्वल्पविरामाशी झोंबत बसलं होतं. शेवंतीने कीबोर्ड उलटा धरून झटकला तरी ते अक्षर तिच्या हाती लागणार नव्हतं.

पण पाण्यात अक्षर जायचं म्हणजे आवाज होऊन जायचं. आणि समुद्राचा तळ कधीच गप्प नसतो. कोळंबीच्या जातीचे चिमुकले जीव तिथे नांग्या वाजवत असतात, कढईत मोहरी तडतडावी तसे. त्या तडतडीत बाकीचं एखादं अक्षर हरवलं तर एक आकडा चुकतो; मधलं अक्षर हरवलं तर सगळी ओळच विस्कटते. म्हणून त्याला दणकट आणि वेगळा आवाज हवा. मिथिलाने समुद्राचं ध्वनिमुद्रण महिनोन्‌महिने ऐकलं. त्यात काय आहे ते नाही, काय नाही ते शोधायला. इंजिनं होती, लाटा होत्या, डॉल्फिनांच्या शिळा होत्या. खाडीवरून दोन बहिणींनी मारलेली हाक तेवढी समुद्राला ठाऊक नव्हती.

आवाज द्यायला शेवंती नवी नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आली.

“आवाज घेतत गो अक्के, फोटो नाय.”

“असां दे. दर्यात जातलो ना? दर्याचो मान.”

आणि मुक्या अक्षराला कंठ फुटला. तेव्हापासून माडवेळच्या पाण्याखाली, दर दोन घरांच्या मधे, शेवंतीचा कुकारा घुमायला लागला. चार वर्षं सगळं छान चाललं. शेवंती बाजारात सांगत फिरे, “माज्या आवाजाशिवाय दर्याक बोलूक येना नाय.”

---

मग मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारी बंद व्हायच्या तोंडावर, मायराणी शेवटच्या फेरीला गेली. यंत्रावर ओळ आली: खोली अठ्ठावीस मीटर. शेवंतीने निर्धास्त जाळं सोडलं. अठ्ठावीस हे तापमान होतं. ओळीत कुठूनसा एक कुकारा जास्तीचा घुसला होता, आणि सगळी घरं एकेक पाऊल सरकली होती. खालचा खडक हाताच्या अंतरावर होता. जाळं टराटरा फाटलं, नाव खडकावर घासली. माणसाला ओरखडा नाही, ही दर्याची दया. पण धक्क्यावर परतताना बाजूच्या नावेवरचे खलाशी हसले: ‘शेवंतीवैनीन अठ्ठावीस मीटरात खडप धरल्यान!’

शेवंती तशीच ओल्या पायांनी सोसायटीची माडी चढली.

“माज्याच कुकाऱ्यान माका खडपार नेल्यान,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “मी माजो आवाज तुज्या हातात दिलंय. तू तो दर्यात टाकलंस आणि मगे बघूकसुदा नाय गेलंस, त्येचा काय झाला तां.”

जाळ्याचं काय, जाळं विणता येतं. शेवंती जिना उतरून गेली ती खाडीपार झाली.

त्यानंतर जास्तीचे कुकारे वाढतच गेले. कधी एक, कधी सलग पाच-सहा. बंदीच्या काळात नावा किनाऱ्यावर होत्या म्हणून निभावलं. नारळी पौर्णिमेला नावा पुन्हा पाण्यात जाणार; तेव्हा असल्या ओळींवर कोण विसंबणार?

यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर आला. तरुण, तरतरीत, मनाने चांगला. “तुमचा आवाज गोड आहे मॅडम, हीच अडचण,” तो म्हणाला. “डॉल्फिन त्याची नक्कल करतायत. नकलाकार प्राणी आहे तो. आपण भोंगा लावू. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज; जगातला कुठलाही जीव तो काढणार नाही.”

“आणि तो ऐकून डॉल्फिन?”

“दूर जातील. म्हणजे प्रश्न मुळातूनच मिटला.”

बाबलकाका खुर्चीत चुळबुळले. माडवेळात नारळी पौर्णिमेला एक रीत आहे. सोन्याच्या कागदाने मढवलेला नारळ घेऊन सगळं गाव मुखाशी उभं राहतं, पण खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनांची पाठ दिसल्याशिवाय तो दर्यात सोडत नाहीत. पाहुणे आल्याशिवाय पान वाढायचं नाही, तसं.

“मिथिला बाय,” इंजिनिअर पडद्यावरून गेल्यावर ते म्हणाले, “गादी माजी असली तरी नावा लोकांच्यो. शेवंती बोयांचा आयकणा नाय म्हटल्यार कोण आयकाचो नाय. पुनवेपर्यंत निस्तर. नायतर भोंगो लाव, नायतर बोये काढूया. दोनांतला एक.”

भोंगा लावायचा म्हणजे अक्काचा आवाज समुद्रातून पुसायचा आणि डॉल्फिनांना घालवायचं. बोये काढायचे म्हणजे खोल पाण्यातून घरी येणारा निरोप बंद. मिथिलाला दोन्ही नको होतं. तिला पलीकडून कुकारा हवा होता. बाकी सगळं त्याच्या मागून आलं असतं.

---

पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा तिने छोटी होडी काढली. पडद्यावरचं ऐकून ऐकून डोकं उठलं होतं. आता जिथे आवाज होतो तिथेच जाऊन बसायचं. सकाळचं ऊन खाडीवर वाटीतल्या तुपासारखं पसरलं होतं. तिने मुखाशी नांगर टाकला, पाण्याखालचा माइक सोडला आणि स्पीकर मोठा केला.

तडतड. लांब कुठेतरी इंजिनाची घरघर. मग बोया बोलायला लागला. आकड्यांची किणकिण, आणि मधे अक्काचा कुकारा. खालून वर, तरंगत, आणि वल्ह्यासारखा खाली.

लगेच, बोयाचं पुढचं अक्षर निघायच्या आत, दुसरा कुकारा आला. थोडा बारीक. कडेला जरासा ओला, हसल्यासारखा. आणि होडीपासून दोन वल्ह्यांच्या अंतरावर करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला आणि बुडाली.

मिथिलाने स्पीकरला कान लावला. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते. आई पिल्लाला, पिल्लू आईला त्याच शिळेवरून ओळखतं. म्हणजे नावच ते. आता त्या शिळा येत होत्या. एक वाकडी शीळ, मग कुकारा. एक दोन कोलांट्या घेणारी शीळ, मग कुकारा. एक जाडी, आजीबाईच्या आवाजातली, मग कुकारा. एकमेकींत घुसळलेल्या शिळांचा गलका नव्हे, एक नाव, मग खूण, मग दुसरं नाव. शेवटी एक अगदी कोवळी, मोडकी शीळ आली. तिच्यानंतर कुणीच काही बोललं नाही. मग त्या पिल्लानेच कुकारा घालून पाहिला. तो वर चढला आणि घसरून मधेच पडला. आणि सगळ्या जणी एकदम त्याच्यामागून कुकारल्या.

मिथिलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ती हसायलाही लागली. अगं बाई. ही नक्कल कसली? यांना खूण कळली आहे. एक संपलं, दुसरं सुरू; तू तू, मी मी. तिने माणसांच्या तक्त्यासाठी मधे उभं केलेलं मुकं अक्षर या बायांनी उचललं होतं आणि आपली हजेरी मांडली होती.

त्या भरात तिने स्पीकर पुरता सोडला. बोयाने नवी ओळ सुरू केली. कुकारा स्पीकरमधून उसळला, पाण्यावरून सपाट धावत पलीकडच्या काठाला गेला. आणि काठावरून तो फिरून आला.

हा स्पीकर नव्हता. हा डॉल्फिनही नव्हता. हा माडाच्या शेंड्याला जाऊन घारीसारखा तरंगणारा, अस्सल, हवेतला.

पलीकडे वाळूत नवं जाळं विणत बसलेली शेवंती उभी राहिली होती. हाताची ओंजळ अजून तोंडापुढे तशीच. आपण काय केलं हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण तिने हात झटकन पाठीमागे नेले.

मिथिलाने नांगर उचलला आणि अशी वल्ही मारली की होडी वाळूत हातभर रुतली.

“मी अजून रागान आसंय हा,” शेवंती आधीच म्हणाली. “उत्तर दिलंय तां कुकाऱ्याक. तुका नाय.”

“बरां.”

“कुकारो आयलो तर तोंड आपसूक उघडता. तेका काय करू?”

“काय करू नको.”

“हसतंस कित्याक?”

“अक्के,” मिथिलाने तिचे दोन्ही हात धरले, जाळ्याच्या सुईसकट, “तू आता काय म्हटलंस?”

“हसतंस कित्याक.”

“त्येच्या आदी.”

“कुकारो आयलो तर तोंड आपसूक उघडता.”

“तेंचापण तसाच झाला गो! चार वर्सां मी दर्यात तुजो कुकारो घालतंय आणि उत्तर देवक कोणाक ठेवलंयच नाय. अर्धोच कुकारो पेरलंय मी. माडवेळातली पोर असान! तेंनी किती दिवस आयकला, आणि मगे तेंच्यान राहवला नाय. तेंनी उत्तर दिल्यानी.”

शेवंतीने मुखाकडे पाहिलं. तिथे तीन पाठी एकामागोमाग उमटल्या आणि मिटल्या.

“कोणी?” तिने हळू विचारलं.

“बस होडीत. आयकवतंय.”

ती बसली. ऐकलं. पिल्लाची शीळ मोडली तेव्हा तिने तोंडावर पदर धरला. आणि पिल्लाचा कुकारा मधेच पडला तेव्हा तांडेलबाई पाण्याकडे वाकून त्याला शिकवायला लागली, “तसो नाय रे बाबा. वर गेल्यार थांबूचा. जरासा थांबूचा...”

---

पुढचे चार दिवस माडवेळच्या सोसायटीत चहाचे पेले धुवायला फुरसत नव्हती.

युक्ती ऐकायला साधी होती. एका बोयाने कुकारा घालायचा. ठरलेला क्षणभर थांबून शेजारच्या बोयाने तो फिरवायचा. ऐकणाऱ्या बोयाला चार कान. कुठला आवाज कुठल्या दिशेने आला हे त्याला कळतं. हाक या बाजूने, उत्तर त्या बाजूने, मधलं अंतर ठरलेलं, असं जमलं तरच ते मधलं अक्षर. बाकी कुणी कुठूनही, कितीही गोड कुकारा घातला तरी तो नुसता कुकारा. तक्ता त्याला नमस्कार करून पुढे जाईल. घराघरामधली खूण आता एका आवाजाची राहिली नव्हती, दोन आवाजांच्या भेटीची झाली होती.

“म्हणजे दोन खुणा धरून जागा,” बाबलकाका म्हणाले. “मगे ह्यां तुका सोसायटीत येवन कळूक चार वर्सां लागली?”

“आणि तुमका पण, काका. तुमीच सांगितलेलास माका.”

“माका कळला होता,” काका म्हणाले. “मी फक्त सांगूक नाय.” आणि स्वतःच खो खो हसले.

तोटा एकच होता. प्रत्येक घरापाशी उत्तराची वाट पाहायची म्हणजे ओळ सावकाश येणार. पडद्यावरच्या इंजिनिअरने कपाळाला आठ्या घातल्या. “वेग निम्म्यावर येईल, मॅडम.” मग त्याने डॉल्फिनांचं मुद्रण ऐकलं. एकदा, मग पुन्हा. “ते शेवटचं कोण आहे?” त्याने विचारलं. आणि कारण न सांगता स्वतः बसून बोयांच्या वेळा जुळवून दिल्या.

दुसरा आवाज मिथिलाचा लागणार होता. तिनेही अबोली माळली. शेवंतीने तिला धक्क्यावर उभं केलं, हनुवटी वर उचलली, जशी लहानपणी वेणी घालताना उचलायची. “वर गेल्यार थांब. धाकटां माणूस तू, तुका घाई फार.”

नव्या मांडणीच्या पहिल्या दिवशी दोघी होडीत बसून ऐकत होत्या. थोरलीचा कुकारा गेला, धाकटीचा फिरून आला. डॉल्फिन गप्प. पुन्हा गेला, पुन्हा आला. डॉल्फिन गप्पच.

“रागावले काय गो?” शेवंती कुजबुजली.

“नाय. उत्तर मिळाला ना आता. तेंका कित्याक बोलूचा?”

थोड्या वेळाने लांबून, बोयांकडे बिलकुल लक्ष न देता, त्यांची हजेरी सुरू झाली. वाकडी शीळ, कुकारा. कोलांटीची शीळ, कुकारा. आजीबाई, कुकारा. त्यांचा तक्ता त्यांच्यापाशी, यांचा यांच्यापाशी. एकाच पाण्यात दोन्ही, आणि कुणाच्या घरात कुणाचं पाऊल नाही.

मिथिलाला त्या दिवशी दुसरी ओवी सुचली. तिने ती शेवंतीला तिथेच, वल्ह्यांच्या ठेक्यावर म्हणून दाखवली:

*मधी वाहते खाडी, तिला दुरावा म्हणू नये*
*खाडी नसती गं बाई, तर हाक कुठं जाय*

“बरी आसा,” शेवंती म्हणाली. “फक्त जेवणाचा काय नाय तेच्यात.”

---

नारळी पौर्णिमेला मुखाशी सगळं गाव लोटलं. नावांना पताका, बायकांच्या डोक्यावर फुलांचे बगीचे. बाबलकाका नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभे. पाणी हिरवंगार, कोरं. आणि मग एक पाठ, दुसरी, तिसरी. त्यांच्या कुशीत हातभर काहीतरी करडं उडालं आणि पोटावर आपटलं. गावाने एकच ओरडा केला. नारळ दर्याला मिळाला. पहिली नाव सुटली ती मायराणी. सुकाणूवर शेवंती, नव्या जाळ्याचा डोंगर मागे. तिच्यामागून बाकीच्या सगळ्या, पिल्लांसारख्या.

दुपार कलली तशी मिथिला माडीवर येऊन बसली. पडदा उघडला. नावा रेंजबाहेर गेल्या होत्या. आता निरोप यायचा तो समुद्राच्याच तोंडून. बोये सावकाश बोलत होते. हाक, थांबणं, उत्तर. हाक, थांबणं, उत्तर. बाबलकाका मुद्दाम जिना चढून आले होते आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

मायराणीची ओळ आली.

पहिलं घर: *कळस माडावर, दीपगृह कड्यावर.* स्वल्पविराम जागच्या जागी. दुसरं घर, तापमान: सत्तावीस. तिसरं, खोली: एकतीस. चौथं, प्राणवायू: भरपूर. पाचवं घर उमटायला वेळ लागत होता. साहजिकच होतं, शेरा शेवंतीचा होता.

*दर्यो बरो; पाणी थंड. जाळां जड लागता | बांगडो आसा, तारली आसा, एक सुरमय पण. बाबल्याक सांग बर्फ जास्ती ठेव | डॉल्फिन सोबतीक, ल्हान ता मागे ऱ्हवता, तेका हाक मारतत | काठी बरी दिसता ना? जेवलंस काय?*

स्वल्पविराम, अर्धविराम, काठ्या. जगातल्या सगळ्या खुणा त्या एका घरात ठासून भरल्या होत्या, आणि भिंत तसूभर हलली नव्हती. पाचही घरं आपापल्या जागी.

“मुद्दाम केल्यान गो तिणा,” बाबलकाका म्हणाले आणि बर्फाचं बघायला जिना उतरले.

तिन्हीसांज झाली. खिडकीबाहेर पलीकडच्या काठावर कुणीतरी दिवा लावला. मिथिलाने ताटली ओढली. आंबट बांगड्याची आमटी गार होऊन बसली होती. तिने एक घास तोंडात टाकला, म्हणजे खोटं व्हायला नको, आणि मग परतीच्या ओळीत, शेऱ्याच्या घरात, थोरलीच्या थाटात लिहिलं:

*जेवतंय, जेवतंय, जेवतंय |*